सपाट मुलखातून अन्नपूर्णेच्या कुशीत: विदर्भातल्या नवख्यांसाठी नेपाळची संथ पायी सहल

नेपाळ म्हटलं की एव्हरेस्ट आठवतं आणि 'हे आपल्याला झेपायचं नाही' म्हणून विषय संपतो. पण नेपाळच्या डोंगरात गावागावांतून जाणाऱ्या फरसबंदी पायवाटा आहेत. दर दोन-तीन तासांवर जेवायची-झोपायची सोय आहे आणि चढायला दोर किंवा बर्फाची हत्यारं लागत नाहीत. पोखराजवळची उल्लेरी–घोरेपानी–पून हिल–घांद्रुक ही वाट त्यातली सगळ्यात सोयीची. वर्धा, यवतमाळ, वाशीम, भंडारा अशा सपाट मुलखातून येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसालाही ती जमते. अट एकच: घाई करायची नाही. बाजारात हीच वाट तीन-चार दिवसांत उरकून देणाऱ्या सहली मिळतात. नवख्यांचे गुडघे आणि डोकी तिथेच धरतात. इथे दिलेला आराखडा घरापासून घरापर्यंत अठरा दिवसांचा आहे आणि त्यात चालायचे दिवस जेमतेम पाच आहेत.

कधी जायचं

दोन हंगाम चांगले: मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आकाश दुसऱ्या हंगामात जास्त स्वच्छ असतं, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. शिवाय त्याच सुमारास नेपाळात दशैं, म्हणजे तिथला दसरा, येतो. त्या आठवड्यात बसगाड्या गच्च भरतात आणि भारवाहक, स्वयंपाकी आपापल्या गावी जातात. शेतकऱ्याला पहिला हंगामच सोयीचा. पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली, तूर-हरभरा घरात आलेला, मृग बहाराची संत्री तुटलेली आणि खरिपाच्या मशागतीला अजून वेळ. शाळेत जाणारी मुलं सोबत असतील तर परीक्षा संपताच निघावं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घोरेपानीच्या जंगलात लालीगुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो. झुडपं नव्हेत, चांगली उंच झाडं लालभडक होतात.

एप्रिलमध्ये सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर ढग, पाऊस, कधी गाराही पडतात. म्हणून सकाळी सातला निघून दुपारी एकपर्यंत मुक्कामी पोचायचं, हा नियम सगळ्या दिवसांना लावावा. जून ते सप्टेंबर जाऊ नये: दरडी कोसळतात, वाटेवर जळवा असतात आणि डोंगर दिसतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत घोरेपानीला बर्फ पडू शकतो. पहिल्या खेपेला तो नको.

आठ आठवडे आधी: पायांची तयारी

'आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कसली तयारी?' हा प्रश्न हमखास येतो. शेतातल्या कामाने दम टिकतो, हे खरंच. पण आपली काळी जमीन सपाट आहे. डोंगर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन झेलतो. ते काम आपल्या पायांना रोज करावं लागत नाही. म्हणून चढताना ठीक असलेला माणूस उताराच्या दुसऱ्या तासाला गुडघा धरून बसतो. तयारी करायची ती मुख्यतः उताराची.

पहिले दोन आठवडे रोज ४५ मिनिटं झपझप चालणं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून प्रवासात घालायचेच बूट पायात हवेत आणि पाठीवर ३ किलो. पिशवीत ज्वारी भरली तरी चालेल. पाचव्या आठवड्यापासून ५ किलो, आणि एक दिवसाआड अर्धा तास पायऱ्या. गावात जिना नसेल तर घराचा ओटा पुरतो. ओट्यावर उभं राहून एक पाय सावकाश, तीन आकडे मोजत खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा, असे तीन फेरे. दिसायला सोपा वाटतो, पण गुडघा वाचवणारा हाच व्यायाम आहे.

सहाव्या-सातव्या आठवड्यात दोनदा तरी खऱ्या डोंगरावर जा. नागपूर-भंडाऱ्याकडच्यांना रामटेकचा गड जवळ, अकोल्याकडच्यांना नरनाळा. अमरावतीकरांनी चिखलदऱ्याला एक मुक्काम करून गाविलगड चढ-उतार करावा. सलग चार तास चालून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास चाललात आणि जिना धरून उतरावं लागलं नाही, तर तुम्ही तयार आहात. आठवा आठवडा हलका ठेवा.

सिकलसेलची तपासणी: ही टाळू नका

पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे सहसा नसतं, पण विदर्भाच्या वाचकाला ते सांगितलंच पाहिजे. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती पट्ट्यात, सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. उंचावर हवेतला प्राणवायू विरळ होतो, थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, आणि या दोन्हींमुळे विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे (एसएस), त्यांनी घोरेपानीच्या उंचीवर जाऊ नये. लुंबिनी, तानसेन आणि पोखरा एवढी सहल त्यांनी डॉक्टरांना विचारून करावी. वाहक असलेल्यांना (एएस) सहसा त्रास होत नाही, पण क्वचित उंचावर प्लीहेला इजा होते. डाव्या बरगडीखाली अचानक जोराचं दुखू लागलं तर तो पोटाचा गॅस समजू नका. थांबा, खाली उतरा, दवाखाना गाठा. पुष्कळांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते ठरतं. निघण्याच्या दोन महिने आधी हे उरका.

त्याच फेरीत रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्या. हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या माणसाला, आपल्याकडे अशा बायका पुष्कळ, चढावर लवकर धाप लागते. दोन महिन्यांत ते सुधारायला वाव असतो.

कागदपत्रं

भारतीयाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यातलं एक मूळ स्वरूपात हवं. आधार कार्डावर विसंबू नका. १५ ते ६५ या वयोगटासाठी ते नेपाळ प्रवासाचा अधिकृत पुरावा नाही आणि विमानाने जायचं असेल तर नक्की अडवतात. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना फोटो आणि वय दाखवणारं दुसरं ओळखपत्र चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र घ्या. मतदार कार्ड जुनं, फोटो पुसट झालेलं असेल तर आधीच नवीन काढा. सोबत चार पासपोर्ट फोटो आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा.

पैसे

१ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. हा दर ठरलेला आहे, रोज बदलत नाही. त्यामुळे दुकानात किंमत ऐकली की पहिला प्रश्न 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हा प्रश्न न विचारल्याने दीडपटीहून जास्त पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. भारतीय १०० च्या आणि त्याखालच्या नोटा सगळीकडे सहज चालतात, म्हणून रोकड शक्यतो १०० च्याच नोटांत न्या. शहरांत तिथल्या 'फोनपे' (Fonepay) नावाच्या नेपाळी जाळ्याच्या (आपलं फोनपे अॅप नव्हे) क्यूआरवर २०२४ पासून भारतीय यूपीआय चालतं. डोंगरात त्यावर अवलंबून राहू नका, नेटवर्क जातं. चालण्याच्या दिवसांचे सगळे पैसे पोखऱ्यातच नेपाळी नोटांत करून घ्यायचे.

वर जाल तसं जेवण महाग होत जातं, कारण प्रत्येक गॅसची टाकी आणि तांदळाचं पोतं खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर वर येतं. घासाघीस पोखराच्या बाजारात करा, घोरेपानीच्या ताटावर नको.

जायचं कसं

दक्षिणेकडून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या बल्लारशा-नागपूर मार्गे जातात. बुलढाणा-अकोल्याकडच्यांना भुसावळहून मुंबई–गोरखपूर गाड्या बऱ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. उन्हाळ्यात उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना तोबा गर्दी असते, तेव्हा त्याच दिवशी तिकीट काढा, परतीचंही. गोरखपूरला रात्र काढा आणि सकाळी बसने सुमारे ९५ किलोमीटरवरच्या सोनौलीला जा. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे बेलहिया, तिथून चार-पाच किलोमीटरवर भैरहवा. सीमेवर 'ट्रेकिंगचं परमिट इथूनच काढावं लागतं' म्हणून मागे लागणारे लोक भेटतात. तसं काही नाही, परमिट पोखऱ्यात मिळतं. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. नेपाळी सिमकार्ड भैरहव्यातच घ्या.

स्वतःची गाडी नेणार असाल तर सीमेवरच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे जकातीत, दिवसागणिक शुल्क भरून परवाना काढावा लागतो. पण वळणावळणाच्या घाटात पहिल्यांदाच गाडी चालवायची असेल तर ती गोरखपूरलाच ठेवलेली बरी. आणखी एक: नेपाळच्या डोंगरात रात्रीच्या बसने जायचं नाही. एक मुक्काम वाचतो म्हणून लोक जातात. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी आणि ड्रायव्हर थकलेला.

लुंबिनी: दोन रात्री

भैरहव्याहून लुंबिनी तासाभरावर आहे. विदर्भातून नेपाळला जाऊन लुंबिनी टाळणं आम्हाला पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २० नोव्हेंबरला तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. आपल्या गावागावांतल्या विहारांचा नेपाळशी असा थेट धागा आहे.

मायादेवी मंदिर आणि शेजारचा अशोकस्तंभ पहाटे उघडताच पाहा. एप्रिलमध्ये तराईत ऊन आपल्यासारखंच तापतं आणि आतली अंतरं मोठी आहेत. सायकल किंवा सायकलरिक्षा घ्या. मंदिराच्या आवारात चप्पल काढून चालावं लागतं, मोजे जवळ असू द्या. स्तंभावरचा ब्राह्मी लेख नीट समजून घ्या: इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून सम्राटाने लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि पिकाचा सरकारी वाटा आठव्या हिश्शावर आणला. शेतसाऱ्यातली सूट दगडावर कोरलेली अशी क्वचितच सापडते. उद्यानाच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी, मध्ये कालवा. दुसरा दिवस या विहारांना द्या, किंवा गाडीने तिलौराकोटला, कपिलवस्तूच्या अवशेषांकडे जा. दुपारी बारा ते चार मात्र खोलीत काढा. पुढच्या चढाईआधी उन्हाचा त्रास ओढवून घेऊ नका.

तानसेन: एक रात्र

बहुतेक लोक भैरहव्याहून पोखऱ्यापर्यंत एका दमात जातात. सात-आठ-नऊ तास वळणं आणि ओकाऱ्या. त्यापेक्षा बुटवलच्या पुढे घाट चढून तानसेनला उतरा. सुमारे १,३५० मीटरवरचं हे जुनं नेवार बाजारपेठेचं गाव. इथलं पाल्पाली ढाका कापड नेपाळभर प्रसिद्ध आहे. तिथल्या टोप्या याच कापडाच्या असतात. कापूस पिकवणाऱ्या माणसाने हातमागावर ते विणताना जरूर पाहावं. उबदार मऊ शेला घ्यायचा असेल तर तो लोकरीचा, ढाका सुती असतं, आणि दोन्हींतला फरक विदर्भातल्या माणसाला बोटांनीच कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून दुपारपर्यंत पोखरा.

पोखऱ्यातली कामं

एक पूर्ण दिवस राखा. कामं या क्रमाने:

१. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. ओळखपत्र दाखवताना आपण भारतीय आहोत हे स्पष्ट सांगा, इतर परदेशी लोकांचा दर तिप्पट आहे. शनिवारी सरकारी सुट्टी असते, तेव्हा वार बघून पोचा.

२. गाइड. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरने नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाइड घ्यावा असा नेपाळचा नियम आहे. टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरच्या नोंदीचं कार्ड, तेही एजन्सीच काढते. सहा ते आठ जणांना एक गाइड पुरे. ठरवताना कागदावर लिहून घ्या: किती दिवस, रोजचे किती, त्याच्या जेवणा-राहण्याचा खर्च कोणाचा, त्याचा विमा आहे का.

३. भारवाहक. दोघांत एक. त्याच्या पाठीवर दोघांचं मिळून २० किलोच्या वर जाऊ देऊ नका. पिशव्या वजन करूनच द्या. त्याच्या पायात बूट आणि अंगावर गरम कपडे आहेत ना, हे पाहणं तुमचंच काम आहे.

४. भाड्याचं सामान. जाड जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्या इथे भाड्याने मिळतात. एका खेपेसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

उरलेल्या वेळात आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालय पाहा आणि संध्याकाळी फेवा तलावाच्या काठी बसा.

पिशवीत काय

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, अर्धा नंबर मोठे आणि किमान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून निघणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि बाकीची सहल लंगडत होते. लोकरी मोजे तीन जोड, थर्मलचा एक जोड, फ्लीस, पावसाचा जॅकेट किंवा पोंचो, लोकरी टोपी, हातमोजे, रात्रीसाठी स्लीपर. चालताना सुती बनियन नको. घामाने भिजतं, लवकर वाळत नाही आणि थांबलं की अंग गार पडतं. बायकांनी साडीऐवजी ट्रॅकपँट किंवा सलवार घालावी. प्रश्न पायऱ्यांवर पाऊल दिसण्याचा आहे. पाळीचं सामान घरूनच न्या. दोघांना मिळून एक हेडलाइट. मोबाइल थंडीत लवकर उतरतो, रात्री पांघरुणात घेऊन झोपा.

औषधं: रोजच्या गोळ्यांचे दोन संच वेगवेगळ्या पिशव्यांत, ओआरएस, पॅरासिटामॉल, जुलाबाची गोळी, क्रेप बँडेज, फोडांवरच्या पट्ट्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. इन्सुलिन गोठू द्यायचं नाही, ते अंगाशी ठेवा. ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही धरणारा प्रवासविमा घ्या. पॉलिसीत किती मीटरपर्यंत ते लिहिलेलं असतं, ३,५०० मीटर चालेल.

आणि जवसाची चटणी. वाटेवरचं जेवण म्हणजे डाळ-भात-भाजी. पोटभर आणि डाळ-भात पुन्हा वाढून मिळणारं, पण तिखटाला सौम्य. तिसऱ्या दिवशी वऱ्हाडी जिभेला त्याचा कंटाळा येतो, माणूस कमी जेवतो आणि चौथ्या दिवशी पाय चालत नाहीत. छोट्या डबीत जवस, दुसरीत लसणाचं तिखट, वाटेसाठी फुटाणे-गूळ. एवढ्याने भूक टिकते.

चालण्याचे दिवस

*पहिला.* पोखऱ्याहून जीपने नयापुल-बिरेठांटीमार्गे उल्लेरी (सुमारे २,००० मीटर). परमिट बिरेठांटीला तपासतात, पिशवीच्या तळाशी ठेवू नका. जुन्या पद्धतीने तिखेढुंग्याहून चढलं तर उल्लेरीपर्यंत तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी त्या नकोत, जीप वापरण्यात काही कमीपणा नाही. उल्लेरीहून दीड-दोन तास चालून बनठांटी (२,२०० मीटर). इथे मुक्काम.

*दुसरा.* बनठांटी ते घोरेपानी, सुमारे २,८५० मीटर. चार तास, ओक आणि गुराँसच्या सावलीतून. चढावर पाऊल लहान ठेवा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवा. तो मागे राहिला की बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचताच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही.

वाटेत खेचरांचे तांडे येतात. घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीही उभं राहू नका. ओझ्याचा धक्का लागून माणूस खाली जातो. हे प्रत्येकाला, मुलांनाही, पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

*तिसरा.* घोरेपानीतच. पहाटे साडेचारच्या सुमारास निघून तासाभराच्या पायऱ्या चढून पून हिल, ३,२१० मीटर. वाटेत छोटं प्रवेशशुल्क द्यावं लागतं, सुटे ठेवा. समोर धौलागिरी (८,१६७), अन्नपूर्णा दक्षिण (७,२१९) आणि उजवीकडे माछापुच्छ्रे (६,९९३). माछापुच्छ्रे पवित्र मानतात, त्यावर चढायला परवानगी नाही. वर घामेजलेलं अंग वाऱ्यात लगेच थंड पडतं, म्हणून जॅकेट चढताना पिशवीत आणि वर पोचताच अंगावर. बहुतेक गट खाली येऊन नाश्ता करून त्याच दिवशी पुढे पळतात. तुम्ही थांबा. पहाटेच्या चढाईनंतर सहा तासांचा पल्ला म्हणजे नवख्याच्या पायांवर अन्याय.

उंचीचा त्रास २,५०० मीटरच्या वर कोणालाही होऊ शकतो, पैलवानालाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात. पाणी प्या, आराम करा, आणि त्रास ओसरेपर्यंत आणखी वर जाऊ नका. चालताना झोक जाऊ लागला, बोलणं विसंगत झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. घोरेपानीहून बनठांटीला उतरलं तरी साडेसहाशे मीटर कमी होतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत बंद. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांनी सांगितलं तरच.

*चौथा.* घोरेपानी ते ताडापानी, सहा तास. सगळ्यात लांब दिवस हाच. आधी देउरालीच्या धारेवर ३,००० मीटरच्या वर चढ, मग ओढ्याकाठाने घसरडा उतार. सावलीतल्या दगडांवर मार्चमध्ये सकाळी बर्फाची पापडी असते. उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, आदल्या रात्री पायाची नखं कापा, काठी आधी खाली टेकवून मग पाऊल टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. वाटेत बनठांटी नावाचं आणखी एक ठिकाण लागतं. पहिल्या मुक्कामाचं ते हे नव्हे, फोनवर घरी सांगताना गोंधळ होतो.

*पाचवा.* ताडापानी ते घांद्रुक, जंगलातून तीन-चार तासांचा उतार. दुपारचं जेवण घांद्रुकला.

घांद्रुकला दोन रात्री

गुरुङ लोकांचं हे दगडी घरांचं, पाटीदगडाच्या छपरांचं गाव. इथल्या पुष्कळ घरांतून पिढ्यान्पिढ्या गोरखा सैनिक गेले. इथे लॉजऐवजी होमस्टे घ्या. चुलीशेजारी बसायला मिळतं, कोदोचा (नेपाळीत कोदो म्हणजे नाचणी) ढिंडो आणि गुंद्रुकाचं सूप मिळतं. ढिंडो म्हणजे घट्ट शिजवलेलं पीठ, गरमगरम खायचं. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी.

अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्प १९८६ मध्ये याच गावातून सुरू झाला. जंगल सरकारी कुंपणात न घालता गावकऱ्यांच्या समितीकडे ठेवायचं, आणि पर्यटकांच्या शुल्कातून वाट, पाणी, शाळा सांभाळायच्या, असा तो विचार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या, ग्रामसभेने जंगल सांभाळणाऱ्या गावांचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला इथे विचारण्यासारखं पुष्कळ आहे. बचत गटातल्या बायकांनी आमा समूहाला, म्हणजे गावातल्या आयांच्या गटाला, भेटावं. या बायका गाणी-नाचाचा कार्यक्रम करून मिळालेला पैसा गावाच्या कामाला लावतात. कार्यक्रम ठरवायचा असेल तर गाइडकडून आदल्या दिवशी निरोप द्या. गुरुङ संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं.

बोलायला हिंदी पुरते आणि पाट्या देवनागरीत असल्याने वाचता येतात. वयाने मोठ्याला 'दाइ', बाईला 'दिदी', धाकट्यांना 'भाइ', 'बहिनी' म्हणा. चोर्तेन (छोटा बौद्ध स्तूप) किंवा मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आपल्या उजव्या हाताला ठेवून ओलांडायची. चुलीत कचरा टाकू नये, उष्टा चमचा भांड्यात घालू नये. म्हाताऱ्या माणसांचे फोटो विचारून काढा.

गुडघे साथ देत नसतील तर

गटातल्या एखाद्याला ही वाट नको वाटली तर त्याने घरी राहायचं कारण नाही. पोखऱ्याहून गाडीने धम्पुसला जाऊन दोन तास चालत ऑस्ट्रेलियन कॅम्प (सुमारे २,०५० मीटर) गाठता येतो, तिथूनही अन्नपूर्णेची रांग दिसते. घांद्रुकच्या जवळपर्यंत जीप येते, म्हणजे पाचव्या दिवशी सगळे पुन्हा एकत्र येऊ शकतात. तसं आधीच ठरवून ठेवा. डोंगरात ऐनवेळी गट फुटला की गाइड एकच असतो आणि एक बाजू वाऱ्यावर पडते.

परतताना

घांद्रुकखालून जीपने पोखरा. भारवाहक आणि गाइडला बक्षिसी वेगवेगळी, स्वतःच्या हाताने द्या. एकाकडे सगळ्यांची दिली की वाटणीवरून कुरबुर होते. पोखऱ्यात एक दिवस मोकळा ठेवा. दरड, बंद किंवा ताप, कशानेही एक दिवस गेला तरी गाडी चुकत नाही. मग पहाटेच्या बसने सोनौली. उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदला, गोरखपूरला ते कोणी घेत नाही. रेल्वेत खालचा बर्थ गुडघे दुखणाऱ्याला द्या, आणि घरी पोचल्यावर आठवडाभर रोज अर्धा तास चालणं सुरू ठेवा. एकदम बसून राहिलात तर आखडलेली मांडी पंधरा दिवस त्रास देते.